पाचवी ओळ

हणमंतानं चहाचा कप बाजूला सारला, पिशवीतनं खाकी कागदाची गुंडाळी काढली आणि आमच्या क्वार्टरच्या फरशीवर उलगडून दाखवली. शाळेत पुस्तकांना घालतात तसला कागद, हातभर लांब. सोबत सुताराची जाड पेन्सिल.

"तात्यांनी दिलाय," तो म्हणाला. "नावावर कागद धरायचा आन वरनं पेन्सिल घासायची. आपुन शाळंत नाण्याचं छाप काढायचो न्हाय का, तसं. तात्यांना आता दिसत न्हाय फारसं. पर जोरानं घासलं की कागदाला खळगा पडतो, त्यो बोटाला लागंल म्हणत्यात."

"लागंल की," मी म्हणालो आणि मालतीकडं बघायचं टाळलं.

मालती म्हणजे माझी बायको. हणमंत ज्याचा छाप काढणार होता ते नाव मी कधीच बघितलेलं नाही, हे दिल्लीत एकट्या तिला ठाऊक होतं.

गोष्ट अशी. आमच्या साताऱ्याकडच्या त्या लहानशा गावातनं पहिल्या महायुद्धाला घरटी माणूस गेला. बावीस जण परत आले नाहीत. दसऱ्याला सोनं लुटायला शिवेवर जायच्या आधी सगळं गाव मारुतीच्या पारावर जमतं. गावातला वयानं सगळ्यात थोरला फौजी वहीतनं एकेक नाव वाचतो, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरचं माणूस उठून म्हणतं, "हजर!" एवढंच. भाषण नाही, हार नाहीत. पण त्या एका शब्दासाठी माणसं मुंबईहून रजा काढून येतात.

हणमंताचा आजा, गणू राघू शेडगे, तोही गेला होता, इराकात बसऱ्याला. तो गेला तेव्हा हणमंताचे वडील, म्हणजे तात्या, आईच्या पोटात होते. बाकीच्या घरी सरकारकडनं नाव कोरलेली पितळी तबकडी आली. शेडग्यांच्या घरी तार नाही, तबकडी नाही, काही नाही. लढाईवरनं परतलेला कुणीतरी बोलून गेला की गणूनं तिकडंच दुसरं घर केलं. झालं! गावाला तेवढं पुरतं. गणूचं नाव वहीत चढलं नाही. तात्या दर दसऱ्याला पारावर जाऊन बसायचे, सगळ्यांचं "हजर" ऐकायचे आणि न बोलता घरी यायचे.

मग ऐंशी साली हणमंतानं मला लिहिलं, दिल्लीत लढाईत मेलेल्यांची नावं कोरलेली कमान आहे म्हणतात, तू तिथंच आहेस, तेवढं बघून कळव. एका रविवारी मी गेलोही. तेरा हजारांच्या वर नावं! अर्धा तास मान वर करून बघितलं, मान आखडली, मग हिरवळीवर बसून शेंगा खाल्ल्या आणि घरी येऊन कार्ड लिहिलं. 'नाव बघितलं. डाव्या हाताला, पाचवी ओळ, पुरुषभर उंचीवर.' उचलली जीभ लावली टाळ्याला. ती पाचवी ओळ कुठनं सुचली देव जाणे. माझी नोकरी सरकारी नकाशे काढायची, माप घातल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्या कार्डावर वही वाचणाऱ्या सुभेदार जगतापांनी गणूचं नाव वहीत घेतलं. पासष्टाव्या वर्षी तात्या पहिल्यांदा उठून "हजर" म्हणाले, आणि घरी येऊन लहान पोरासारखे रडले. हे हणमंतानंच मला चार पानी पत्रात लिहिलं. ते पत्र वाचलं आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. दरवर्षी म्हणायचो, यंदा खरं कळवू. असे सहा दसरे गेले. आणि आता सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत हणमंत स्वतःच दारात उभा होता, कागद आणि पेन्सिल घेऊन. सोबत दौलत, शाळेत आमच्याच बेंचवरचा तिसरा, आता एसटीचा कंडक्टर.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. मालती दशम्या बांधत होती.

"सांगितलंत?" ती हळूच म्हणाली.

"सांगतो. जाता जाता."

"जाता जाता सांगायची गोष्ट आहे होय ती? इथंच सांगा. चहा गार व्हायच्या आत."

"आल्या आल्या कुठं! पाहुणे आहेत."

"सहा वर्षांपूर्वी तर पाहुणे नव्हते ना," ती म्हणाली आणि दशम्यांचं फडकं माझ्या हातात दिलं.

मी आदल्या रात्री पातळ कागदावर नकाशा काढून ठेवला होता. दिल्ली पायांनीच बघायची असते, असं मी दोघांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बसनं गेलं तर इंडिया गेट वीस मिनिटांवर. पायी, आणि माझ्या नकाशानं, ते पार शेवटाला येत होतं. तोवर दिवस कलेल, दौलत कुरकुरेल, हणमंताचे पाय दुखतील आणि तो म्हणेल, राहू दे, उद्या बघू. उद्या दुपारची तर त्यांची गाडी होती.

तर पहिल्यांदा मी त्यांना उलट्या अंगाला, बिर्ला मंदिरात नेलं. तिथनं मागं फिरून बंगला साहिब गुरुद्वारा. तिथं डोक्याला रुमाल बांधून तलाव बघितला, लंगरात पंगतीला बसलो. दौलतनं चार रोट्या चापल्या. हणमंतानं ताटाला नुसता नमस्कार केला.

"जेव की," मी म्हणालो.

"काम झाल्यावर," तो म्हणाला. "तात्याबी आज जेवणार न्हाईत. त्यांनी कॅलिंडरावर आजच्या तारखंला खूण केलीया."

माझ्या घशात घास अडकला. दौलतनं पाठीत थाप मारली.

"सावकाश! फुकटचं हाय म्हणून काय कोंबायचं हाय?"

कॅनॉट प्लेसला मी त्यांना पुरती एक फेरी मारायला लावली. गोल इमारत, पांढरे खांब, दुकानांच्या काचा. दौलत म्हणाला, "मुरल्या, ह्यो खांब मघाशी बघितला की रं! तू आम्हाला चरकाच्या बैलावानी फिरवाय लागलास."

"ते वेगळं आहे. सगळे सारखेच दिसतात."

"'सारखेच दिसतात'! ऐक हणमा, कसा पुस्तकासारखा बोलतोय. दिल्लीनं पार बाटवला ह्याला."

हणमंत हसला, पण त्याचं ध्यान नव्हतं. नव्या चपला चावत होत्या म्हणून त्यानं त्या काढून पिशवीत टाकल्या आणि अनवाणी चालायला लागला. कागदाची गुंडाळी मात्र पिशवीत चुरगळेल म्हणून हातात. गर्दीत ती डोक्यावर धरायचा.

"पोरगी बघाय चाललायस काय लेका?" दौलत म्हणाला. "इतकं जपून तर तू तुझी लग्नपत्रिकाबी आणली न्हवतीस."

"हितनं किती ऱ्हायलं रं?" हणमंतानं मला विचारलं. ही चौथी खेप.

"अजून जंतरमंतर आहे की. ते चुकवून कसं चालेल?"

जंतरमंतरला मी सावलीवरनं वेळ कशी मोजतात ते इतकं समजावून सांगितलं की शेजारचे दोन अनोळखी लोकही थांबून ऐकायला लागले. दौलत पायऱ्यांवर आडवा झाला. मी बोलत होतो आणि मनात बहाणे जुळवत होतो. दुरुस्ती चालू आहे. पहारेकरी जवळ जाऊ देत नाहीत. मला तेव्हा दुसराच कुणी गणू दिसला असेल. प्रत्येक बहाणा मनात चांगला वाटायचा, आणि हणमंताच्या अनवाणी पायांकडं बघितलं की विटायचा.

तिथनं संसद भवनाला वळसा घातला आणि रायसीनाच्या चढावर गेलो. मी राष्ट्रपती भवनाकडं हात करून सांगत होतो, इतक्या खोल्या, इतके माळी. दौलत माना डोलवत होता. हणमंतानं मात्र पाठ फिरवली होती. खाली सरळसोट रस्ता गेला होता आणि त्याच्या पार टोकाला, धुरकट उन्हात, ती कमान उभी होती. एवढीशी दिसत होती.

"त्येच का?" तो म्हणाला.

नाही म्हणायची सोय नव्हती. "तेच."

त्यानं चपला पिशवीतनं काढल्या, रस्त्याकडेला व्यवस्थित जोडून ठेवल्या आणि निघाला.

"आरं, चपला!" दौलत ओरडला.

"नगंत. चावत्यात," तो मागं न बघता म्हणाला.

दौलतनं त्या उचलून काखेत मारल्या. कमान दीड-दोन मैलांवर होती. वाटेत एकदा दौलत माझ्या जवळ येऊन म्हणाला, "मुरल्या, तुला बरं न्हाय का? घाम फुटलाय थंडीचा." मी म्हणालो, चालून. त्यानं माझ्याकडं एकवार नीट बघितलं. एसटीत बिनतिकिटाचा माणूस ओळखणारे डोळे ते.

पोचलो तेव्हा चार वाजले असतील. कमानीभोवती साखळी होती, आत पहाऱ्यावर जवान, आणि भिंतीभर नावं, इंग्रजी अक्षरांत, ओळीखाली ओळ. हणमंतानं बाहेरनंच वाकून नमस्कार केला. मग शर्टाच्या आतल्या खिशातनं काहीतरी काढलं.

माझं कार्ड. कडा झिजलेल्या, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. देव्हाऱ्यात ठेवलेलं होतं ते.

"डाव्या हाताला, पाचवी ओळ," त्यानं वाचलं आणि शोधायला लागला.

हणमंत एसएससी झालेला होता, इंग्रजी अक्षरं त्याला लागायची. पाचवी ओळ वरनं मोजली, मग खालनं मोजली. मग पलीकडच्या बाजूला गेला. तिथल्या पाच ओळी बोट हवेत धरून वाचल्या. दौलतही चपला काखेत धरून वाचायला लागला, मोठ्यानं, एकेक अक्षर जोडत. मी जागचा हललो नाही.

अर्धा तास झाला असेल. हणमंत माझ्याकडं आला.

"मुरल्या, डावा हात कुटनं धरला हुतास? आतनं तोंड करून का भायेरनं?"

"बाहेरनं," मी म्हणालो. म्हणजे तेव्हाही खोटंच बोललो.

तो परत गेला. मला ते बघवेना म्हणून मी मान वर केली. आणि कमानीच्या माथ्यावरचा मोठा मजकूर आयुष्यात पहिल्यांदा वाचला. नकाशावर अक्षरं काढणारा माणूस मी, पण त्या रविवारी शेंगांच्या नादात एवढी मोठी अक्षरंही वाचली नव्हती. लिहिलं होतं ते असं, की फ्रान्स, मेसोपोटेमिया, आफ्रिका, अशा लांबच्या मुलखात जे पडले त्या सगळ्यांना हे स्मारक. आणि नावं कोरली आहेत ती इथं हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर आणि अफगाणांच्या लढाईत पडलेल्यांची.

मी दोनदा वाचलं. गणू शेडग्याचं नाव तिथं असणं शक्यच नव्हतं.

हणमंत पुन्हा आला. चेहरा पार उतरला होता, आणि तरी तो माझ्याकडं बघून ओशाळल्यासारखा हसला.

"माझंच कायतरी चुकतंय बग. विंग्रजी इसारलो मी. तूच दाखव बाबा."

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही.

"हणमंत, तुझं काही चुकत नाही. मी नाव बघितलंच नव्हतं. आलो, थोडा वेळ शोधलं, कंटाळलो आणि घरी जाऊन लिहून टाकलं. पाचवी ओळ माझ्या मनची आहे."

दौलतच्या काखेतल्या चपला खाली पडल्या. "आरं गाढवा!" तो म्हणाला. "आरं, तुला लाज कशी रं वाटली न्हाय?" त्यानं माझी कॉलर धरली. पहाऱ्यावरचा जवान आमच्याकडं बघायला लागला. हणमंतानं दौलतचा हात काढला आणि तिथंच हिरवळीवर बसला.

"सा वरसं," तो म्हणाला. "सा वरसं तात्या उठून हजर म्हणाले."

मी त्याच्यापुढं उकिडवा बसलो.  वरचा मजकूर वाचून दाखवला, शब्दाशब्दाचा अर्थ सांगितला.

"मेसोपोटेमिया म्हंजे?"

"बसरा त्यातच."

"म्हंजे बसऱ्याला मेलेल्या कुणाचंच नाव हितं न्हाय?"

"कुणाचंच नाही. सुभेदारांच्या चुलत्याचंही नसणार. तोही बसऱ्यालाच गेला ना?"

 हणमंत उठला, गुंडाळी सोडली आणि सरळ साखळीकडं गेला. पहारेकरी पुढं आला.

"हाथ नहीं लगाना, भाईसाब."

"मेरा आजा हय इधर," हणमंत म्हणाला. त्याचं हिंदी तेवढंच. "नाम नहीं हय. पर हय."

जवान उंच, पंजाबी असावा. त्यानं कागद बघितला, पेन्सिल बघितली, अनवाणी पाय बघितले. "जल्दी करो," म्हणाला आणि तोंड दुसरीकडं केलं.

हणमंतानं नावांच्या खाली, जिथं काही कोरलेलं नव्हतं, अशा कोऱ्या दगडावर कागद टेकवला. एका बाजूनं दौलतनं धरला. दुसरं टोक वाऱ्यानं उडायला लागलं. मी धरायला पुढं झालो, पण हणमंत म्हणाला, "तू नगं." त्यानं ते गुडघ्यानं दाबलं आणि पेन्सिल घासत राहिला. दगडाचा रवा उठला, कणकण, एकही अक्षर नाही.

परत बसनं आलो. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर दौलत माझ्याशी बोलला नाही. गाडी सुटताना हणमंत खिडकीतनं म्हणाला, "दसऱ्याला ये. सुभेदारांफुडं तुझ्या तोंडानं सांग. मी सांगणार न्हाय."

गेलो. आधी शेडग्यांच्या घरी गेलो. तात्या ओसरीवर बसले होते, तो खाकी कागद मांडीवर. मी पाय धरले, सगळं सांगितलं. ते कागदावरनं बोटं फिरवत ऐकत होते.

"दगड कसला हाय रं? आपल्यासारका काळा?"

"नाही तात्या. पिवळसर आहे."

"आन रस्त्यावरनं दिसतो?"

"लांबनं दिसतो."

"बरं," ते म्हणाले. ते मला एकही वाकडा शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पारावर, सगळ्या गावासमोर, मी उभा राहून परत सांगितलं.  सुभेदार जगताप सत्तरीचे, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. ऐकून घेतलं, म्हणाले, "बस खाली." मग पेन काढलं आणि वहीतल्या एका नावावर रेघ मारली.

हणमंत उठला. "सुभेदार, बसऱ्याची नावंच न्हाईत तितं. कुणाचीच न्हाईत."

"पटलं," सुभेदार म्हणाले. "पर गणू बसऱ्याला मेला ह्ये कुटं लिवलंय? एक डाव खोट्या कागदावर नाव घेतलं मी. आता खऱ्या कागदाबिगर घेणार न्हाय."

  ते चुकत नव्हते. माझं ते कार्ड आलं नसतं तर कदाचित या कमानीच्या मजकुरावर त्यांनी आपणहून नाव घेतलं असतं. ते दार मी बंद केलं होतं.

नावं सुरू झाली. "धोंडी मोहिते." हजर. "भिवा जगताप." हे नाव त्यांच्या चुलत्याचं, "हजर"ही तेच म्हणाले. ह्याच्यानंतर गेली सहा वर्षं गणू राघू शेडगेचं नाव यायचं. सुभेदारांचं बोट रेघेवरनं खालच्या ओळीवर गेलं, आणि नाव घ्यायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात तात्या काठी टेकत उठले. अंगात धुतलेला सदरा, त्याच्या खिशातनं खाकी कागदाचं टोक बाहेर आलेलं.

"हजर," ते म्हणाले.

 सुभेदारांनी चष्म्यावरनं बघितलं. तात्या उभेच. सुभेदार गप्प राहिले, तात्या सावकाश खाली बसेपर्यंत. मग पुढचं नाव वाचलं.

खऱ्या कागदासाठी मी नंतर पुष्कळ पत्रं लिहिली, इथं आणि विलायतेला. हाती काही लागलं नाही. तात्या गेले, सुभेदार गेले, चार वर्षांपूर्वी हणमंतही गेला. मरेपर्यंत तो माझ्याशी चांगलं बोलला, पण मला कधी पत्र लिहिलं नाही. मी आता ऐंशीचा आहे, साताऱ्यात राहतो, दसऱ्याला गावी जातो. गणूचं नाव अजून वहीत नाही. वाचणारी माणसं बदलली, पण भिवा जगतापांच्या नावानंतर जो कुणी वाचत असेल तो थांबतो. सांगावं लागत नाही. यंदा हणमंताची धाकटी लेक उठली आणि "हजर" म्हणाली. ती खाली बसेपर्यंत मी मान वर केली नाही.